गटाराच्या झाकणाचे छायाचित्र : इच्छुकांसाठी सूचना

मुंबईत छायाचित्रणाचा नाद लागलेला माणूस पहिल्या रविवारी गेटवेला जातो, दुसऱ्या रविवारी मरीन ड्राइव्हवर सूर्यास्त गाठतो आणि तिसऱ्या रविवारी सीएसएमटीसमोर ट्रायपॉड लावून गाड्यांच्या दिव्यांच्या रेघा ओढतो. या तिन्ही फोटोंतून शहराबद्दल एवढंच कळतं की ते फोटोसाठी नटून उभं होतं. प्रस्तुत मार्गदर्शन चौथ्या रविवारसाठी आहे. विषय : गटारांची झाकणं, फुटपाथचे कडेचे दगड, दुकानांच्या रंग उडालेल्या पाट्या, भिंतीच्या पायथ्याशी लघुशंकाप्रतिबंधक म्हणून ओळीने बसवलेल्या सर्वधर्मीय देवांच्या टाइल्स. (पुणेरी पाट्या या यादीतून बाद. त्यांचे इतके फोटो निघाले आहेत की त्यांना आता दुर्लक्षित म्हणणं हा पाट्यांचाच अपमान ठरेल.) आमचा आग्रह एकच आहे. हा फोटो सुंदर येता कामा नये. चुकून सुंदर आलाच, तर पुन्हा काढावा.

हा आग्रह विक्षिप्त वाटेल, म्हणून पुरावा देतो. गिरगावातली एखादी जुनी पाटी घ्या. दुकानाचं नाव सोडून द्या, खालची बारीक ओळ वाचा. तिथे ‘बॉम्बे ४’ असेल तर मजकूर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचा, कारण त्या दिवशी पिनकोड आला. ‘बॉम्बे ४०० ००४’ असेल तर नंतरचा, आणि ‘मुंबई’ असेल तर १९९५ नंतरचा असण्याची शक्यता जास्त. अर्थात मराठी पाटीवर मुंबई आधीपासूनच मुंबई होती, हे विसरू नये. मग फोन नंबरचे आकडे मोजा. सहा आकडी, सात आकडी, की आठ आकडी? पुष्कळदा आठवा आकडा, म्हणजे पुढचा २, दुसऱ्याच हाताने, दुसऱ्याच रंगात, जागा नसताना कोंबलेला असतो. पाटी नवी करण्याऐवजी पेंटरला एका आकड्यापुरतं बोलावणाऱ्या मालकाचं सगळं अर्थशास्त्र त्या २ मध्ये आहे. आता रसिक छायाचित्रकार काय करतो? संध्याकाळच्या उन्हात ‘स्टोअर्स’मधल्या ‘स्टो’च्या वळणावर फोकस धरतो आणि बाकीचं धूसर करतो. लाइक्स मिळतात, पत्ता, पिन आणि तो बिचारा २ धुक्यात जातात. म्हणून पाटीचा फोटो समोरून, सरळ, भर दुपारी, चारही कोपऱ्यांसकट काढावा. पासपोर्टच्या फोटोत माणूस जसा दिसतो तशी पाटी दिसली की समजावं, जमलं.

मैलाच्या दगडांना हाच नियम अधिक कडकपणे लागू आहे. फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासूनचं अंतर सांगणारे काळे दगड ब्रिटिशांनी मुंबईत रोवले, त्यावर रोमन आकडे कोरले. त्यांतले काही पुढे फुटपाथमध्ये गळ्यापर्यंत गाडले गेले. दगड खचले नव्हते; फुटपाथच दुरुस्तीगणिक वर चढत गेला होता. म्हणजे दगडाचा जेवढा भाग जमिनीबाहेर उरला, तेवढीच महापालिकेच्या कार्यतत्परतेची मोजपट्टी. पण खाली बसून, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, दगड भव्य दिसेल असा फोटो काढलात की पट्टी गेली आणि स्मारक उरलं. दगडाशेजारी फूटपट्टी ठेवावी. नसेल तर चप्पल ठेवावी आणि चपलेचा नंबर नोंदवावा.

यावर कलावंतांचा आक्षेप ठरलेला आहे : मग हे छायाचित्रण कसलं, हा तर पंचनामा झाला. झालाच. युजेन आत्जे या फ्रेंच गृहस्थांनी जवळजवळ तीस वर्षं, १९२७ साली मरेपर्यंत, अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेट्स वाहत जुन्या पॅरिसचे असेच पंचनामे केले. त्यात दारं ठोठावायच्या कड्या होत्या, जिन्यांचे कठडे होते, दुकानांची चिन्हं होती. आपल्या मालाला ते ‘कलाकारांसाठी दस्तऐवज’ म्हणत. १९२६ मध्ये अतिवास्तववाद्यांनी त्यांचे फोटो आपल्या नियतकालिकात छापायला घेतले, तेव्हा माझं नाव घालू नका असं त्यांनी सांगितलं. आज ते थोर कलावंत गणले जातात, हा आक्षेपकांचा पुढचा मुद्दा असेल. मान्य. पण आधी कड्या आणि कठडे नीट दिसले. थोरवी मागाहून, इतरांच्या खर्चाने आली. जपानात गेनपेई आकासेगावा आणि मंडळींनी १९८६ मध्ये रस्ता-निरीक्षणाची चक्क संस्था काढली. कुठेही न पोचणारे पण इमानदारीने दुरुस्त होणारे जिने वगैरे ऐवज आकासेगावा आधीपासूनच ठिकाण-वर्णनासह नोंदवत होते. एवढी निरुपयोगी गोष्ट इतक्या गांभीर्याने नोंदवली की तिचं हसूही येतं आणि ती कुणी, कशासाठी सांभाळली हा प्रश्नही पडतो. नुसत्या देखण्या फोटोने दुसरी गोष्ट साधत नाही.

दुसरा आक्षेप वॉचमनचा, आणि तो अधिक गंभीर आहे. ‘काय काढताय?’ या प्रश्नाला ‘झाकणाचा फोटो’ हे खरं उत्तर देऊ नये. याहून संशयास्पद वाक्य मराठीत नाही. ‘वॉर्ड ऑफिसात तक्रार द्यायचीय’ म्हणावं. तत्क्षणी चार माणसं जमतात, पलीकडच्या गल्लीतली आणखी तीन फुटकी झाकणं दाखवतात आणि झाकण पर्जन्यजलवाल्यांचं की मलनिःसारणवाल्यांचं यावर वाद घालतात. ही माहिती लिहून घ्यावी. हे बोलणं असत्य ठरू नये म्हणून खरोखरच तक्रार देऊन टाकावी; मात्र फोटो काढून झाल्यावर, कारण क्वचित झाकण बदलतात.

एका बाबतीत मात्र गंमत नाही. फुटपाथवर झोपलेला माणूस हा रस्त्याचा तपशील नव्हे. त्याच्या उशाच्या पितळी डब्यावर ऊन कितीही छान पडलेलं असो, कॅमेरा खिशात ठेवून पुढे जावं. झाकणाला खाजगी आयुष्य नसतं म्हणूनच ते इतकं सोयीचं आहे.

शेवटची अडचण घरातली. फोनची मेमरी भरल्याची सूचना येते, तेव्हा कुटुंबाच्या एकमताने पहिली कुऱ्हाड झाकणांवर पडते. ‘त्यापेक्षा माणसांचे फोटो ठेवा’ या युक्तिवादाशी वाद घालू नये, तो हरण्यासाठीच असतो. प्रत्येक फोटोला रस्ता, जवळची खूण, तारीख आणि कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं हे लिहावं, आणि सगळे एका फोल्डरमध्ये घालून त्याला ‘मावशीच्या नातवाचं बारसं’ असं नाव द्यावं. तो फोल्डर कुणी पुसणार नाही, आणि उघडणारही नाही.