मौजे ओश, तालुका आजरा

वैद्यकविद्येच्या प्राप्तीसाठी किर्गिझस्तान देशी प्रयाण करू इच्छिणाऱ्या आजरा तालुक्यातील विद्यार्थ्यांस विद्यापीठाचे नाव, शुल्काचा आकडा आणि वसतिगृहाची छायाचित्रे दलालाकडून यथास्थित मिळतात. परंतु तेथे जाऊन खावे काय, हिंडावे कसे, आणि खाल्ल्या-हिंडल्याची कैफियत घरी कोणत्या शब्दांत द्यावी, या जीवनावश्यक प्रश्नांविषयी दलाल मौन पाळत असल्यामुळे, परमुलखात काही वर्षे काढून आलेल्या तरुणांच्या तोंडी जबान्या घेऊन, आणि त्यांतील परस्परविरोधी मजकूर शक्य तितका तसाच ठेवून, पुढील विवेचन केले आहे.

प्रथम भूगोल. नकाशा भिंतीवर लावून आजऱ्यावर बोट ठेवावे आणि ते सरळ उत्तरेकडे नेत जावे. दख्खन, माळवा, पंजाब, हिंदुकुश ओलांडून सुमारे सत्तावीसशे किलोमीटर गेल्यावर ते बोट किंचित पश्चिमेला झुकून ज्या गावी टेकते ते ओश, किर्गिझस्तानच्या दक्षिणेचे मुख्य शहर. सूर्य दोन्ही गावी जवळपास एकाच सुमारास माथ्यावर येतो, घड्याळ मात्र तेथे अर्धा तास पुढे चालते. ही वस्तुस्थिती ध्यानात घेता आपण परदेशी चाललो आहोत असा गैरसमज विद्यार्थ्याने करून घेण्याचे प्रयोजन नाही. तालुक्याची हद्द उत्तरेकडे थोडी सरकली असून वसतिगृहातील तीन खाटांची एक खोली नव्याने आपल्या अंमलाखाली आली आहे, एवढेच मानावे, आणि त्या खोलीचा बंदोबस्त आजऱ्याच्या शिरस्त्याप्रमाणे ठेवावा.

बंदोबस्ताचा आरंभ सामानापासून होतो. विमान कंपनीने नेमून दिलेले वजन हे मातोश्रींच्या दृष्टीने केवळ सूचनावजा असते, म्हणून पेटी घरच्या काट्यावर न मोजता बाजारातील धान्याच्या दुकानातल्या काट्यावर मोजावी. तेथे चार लोकांदेखत जे वजन भरते ते नाकारण्याची मातोश्रींनाही सोय राहत नाही. पुस्तके, स्वेटर आणि बूट यांस पेटीत दुय्यम स्थान आहे. अग्रक्रम घनसाळ तांदळाचा. ज्या तांदळास २०१६ साली सरकारदरबारी भौगोलिक मानांकन प्राप्त झाले, ज्याचे बुटके, मऊ दाणे शिजू लागताच शेजारच्या घरी आज पाहुणे आले आहेत असा निष्कर्ष निघतो, तो तांदूळ सोडून शरीररचनाशास्त्राचे जाड ग्रंथ वाहून नेणारा विद्यार्थी आमच्या मते अभ्यासू असेल, परंतु व्यवहारी नाही; ग्रंथ तेथेही मिळतात.

कांदा-लसणाच्या चटणीविषयी विशेष दक्षता घ्यावी. बरणी गळ्यापर्यंत न भरता दोन बोटे रिकामी ठेवावी, वर तेलाचा थर द्यावा, झाकणाखाली दुहेरी प्लास्टिक घालून चिकटपट्टीचे चार वेढे मारावेत, नंतर ती वडिलांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून स्वेटरांच्या मध्यभागी ठेवावी, आणि एवढे करूनही ती पाझरणारच हे गृहीत धरून पांढरा अंगरखा दुसऱ्या पेटीत न्यावा. जकातीवरच्या अंमलदाराने हे काय म्हणून विचारल्यास औषध म्हणून सांगण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण वैद्यक शिकावयास आलेल्या इसमाकडे अंमलदाराने औषधाची चिठ्ठी मागितली तर पंचाईत. झाकण उघडून पुढे धरावे. अंमलदार एकदा शिंकला की चौकशी आपोआप तहकूब होते.

दिल्लीपर्यंत कोणत्या वाटेने जावे, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या अखत्यारीत येत नाही. आजऱ्याहून कोल्हापूरही गाठता येते, संकेश्वरावरून बेळगावचा सांबरा विमानतळही गाठता येतो, आणि आंबोली घाट उतरून गोव्यातील मोपाही गाठता येतो. कोठून तिकीट स्वस्त पडते याची चर्चा रात्री जेवणानंतर सुरू होऊन साधारणतः मध्यरात्री आत्या बेळगावला राहते या मुद्द्यावर निकालात निघते. आत्याने वाटेत खाण्यासाठी दिलेल्या दशम्या पेटीच्या वजनात धरू नयेत. त्या हातात असतात, आणि दिल्लीच्या अलीकडेच संपतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. जाणाऱ्या प्रत्येकाची समजूत अशी असते की संकट येणार ते किर्गिझ अन्नाकडून. वस्तुतः किर्गिझ मनुष्य कोणास बळेच जेवू घालीत नाही; संकट येते ते आपल्याच देशबांधवांनी चालविलेल्या खानावळीतून. भारतीय विद्यार्थी संख्येने पुष्कळ असल्यामुळे भारतीय खानावळी तेथे निघाल्या आहेत, आणि आचारी बहुधा उत्तरेकडचे असल्यामुळे सोमवारी राजमा, मंगळवारी छोले, बुधवारी बटाट्याचा पराठा आणि गुरुवारी पुन्हा राजमा असे चक्र अव्याहत फिरत असते. आयुष्यात ज्याने राजमा हा शब्द केवळ दूरचित्रवाणीवर ऐकला होता त्या आजरेकरास हिमालय ओलांडल्यावर प्रथम पंजाब भेटतो, हा प्रवासातील सर्वांत मोठा सांस्कृतिक आघात होय, आणि त्याची पूर्वसूचना कोणत्याही माहितीपत्रकात दिलेली नसते.

यावर उपाय म्हणून मराठी विद्यार्थ्यांनी संघटित होऊन कंत्राटदाराकडे लेखी दरखास्त करावी, असे पूर्वी सुचविण्यात येत असे. परंतु दरखास्तीचा मसुदा करावयास बसल्यावर लातूरकरास काळा मसाला हवा, जळगावकरास शेवभाजी हवी, आणि कोल्हापूरकरास इतरांनी काय मागितले आहे ते खोडून काढावयास हवे, असे निष्पन्न होऊन मराठी बाणा पहिल्या परिच्छेदातच संपुष्टात येतो. एका खोलीतून मात्र अशी दरखास्त प्रत्यक्ष गेली व मंजूरही झाली. आठवड्यातून एक दिवस पिठले-भात द्यावा, अशी मागणी होती. त्या दिवशी ताटात जे आले ते पातळ, पिवळे, आंबट आणि भज्यांनी युक्त असे होते. आचाऱ्याने आपल्या मते पिठल्याचा सन्मानच केला होता. अर्जदारांनी ते निमूट खाल्ले व पुढील आठवड्यापासून राजमा चालेल असे कळविले.

म्हणून खोलीत स्वतः रांधणे हाच खरा राजमार्ग. कुकर वापरू नये; तिसऱ्या शिट्टीस वसतिगृहाची व्यवस्थापिका दारात उभी असते. जाड बुडाच्या पातेल्यात, झाकणावर पाणी ठेवून, मंद आचेवर घनसाळ शिजवावा. शिट्टी टळते, वास टळत नाही. तो दाराच्या फटीतून निघून मार्गिकेच्या टोकापर्यंत जातो आणि परत येताना बिहारपासून केरळपर्यंतची ताटे बरोबर घेऊन येतो. सबब, घनसाळ शिजवण्यास इतरांच्या परीक्षेची आदली रात्र प्रशस्त समजावी. हिवाळ्यात उरलेले अन्न दुहेरी खिडकीच्या दोन तावदानांमध्ये ठेवावे, तेथे ते रात्रीतून गोठते. परंतु चटणी ठेवू नये, तेल थिजून बरणीतून चमचा निघत नाही.

स्थानिक अन्नाचा अभ्यासक्रम पहिल्या वर्षाच्या उत्तरार्धात घ्यावा. शोरपो नामक जो मटणाचा पातळ रस्सा तेथे मोठ्या वाडग्यातून देतात, तो पाहून कोल्हापूरकडील मनुष्य घाबरून जातो, पण घाबरण्याचे कारण नाही; आपल्याकडे मटण शिजल्यावर, मसाला पडण्यापूर्वी, लहान मुलांसाठी व आजाऱ्यांसाठी जे आळणी काढून ठेवतात तेच हे. एवढेच की तेथे पुढे मसाला पडत नाही. आचारी विसरला असावा अशा समजुतीने थांबून राहिलेल्या एका विद्यार्थ्याचा रस्सा थंड होऊन वर दुंब्याच्या चरबीची साय धरल्याचे उदाहरण आहे. गरम असतानाच प्यावा. भट्टीच्या आतल्या भिंतीला थापून भाजलेली नानची गोल भाकर मात्र पहिल्या दिवसापासून निःशंकपणे घ्यावी. ती हाताने मोडावी, आणि पालथी कधीही ठेवू नये, कारण ते लोक तिला अन्नदेवतेचा मान देतात व पालथी ठेवणाऱ्याकडे आपली आजी ताट ओलांडणाऱ्याकडे पाहील तशाच नजरेने पाहतात.

पुलावास तेथे प्लोव म्हणतात. ओशजवळच्या उझगेन गावचा तांबूस दाण्याचा तांदूळ, काड्यांसारखे चिरलेले गाजर, मेंढीचे मांस व चरबी, जिरे, आणि वर न सोललेले लसणाचे अख्खे गड्डे असा त्याचा सरंजाम असून तो बिडाच्या खोल कढईत बाप्या माणसांनी करावयाचा असतो. उझगेनच्या तांदळाविषयी तेथील लोक इतक्या अभिमानाने बोलतात की क्षणभर आपण उत्तूरच्या बाजारात उभे आहोत असा भास व्हावा. येथे विद्यार्थ्याने राजनैतिक संयम पाळावा. तो तांदूळ चरबी व पाणी पिऊनही मोकळा राहतो हे मान्य करावे. त्याला वास नाही हे मनात ठेवावे.

चहाविषयी एक ताकीद. यजमान पियाल्यात चहा अर्ध्याहून कमी ओततो आणि पुनःपुन्हा ओतीत राहतो. तो मानाचा प्रकार आहे. काठोकाठ भरलेला पियाला मिळाल्यास उठण्याची वेळ झाली असे समजावे. आपल्याकडे पाव कप चहा पुढे केल्यास ठरत आलेली सोयरीक मोडू शकते, हे यजमानास समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नये.

प्रवासासाठी मार्श्रुत्का नावाची छोटी गाडी वा सामायिक टॅक्सी मिळते. गडहिंग्लजच्या वडापात वाढलेल्या मनुष्यास तिचे नियम शिकवावे लागत नाहीत: गाडी भरल्यावाचून सुटत नाही, भरली असे चालकाने म्हटल्यावर आणखी दोघे येतात, आणि पुढची जागा वयस्काची. ओशहून राजधानी बिश्केकला जाणारा रस्ता सहाशे किलोमीटरांहून अधिक लांब असून तो तीन हजार मीटरांपलीकडच्या खिंडी ओलांडतो. सुमारे ६९० मीटर उंचीच्या आंबोलीस थंड हवेचे ठिकाण मानून वाढलेल्याने तेथे आंबोलीचे नाव काढू नये. उन्हाळ्यात सुसामिर खोऱ्यातल्या गवताळ माळावर नमद्याचे गोल तंबू लागतात आणि दारापुढे जुन्या बाटल्यांतून घोडीचे आंबवलेले दूध, किमिझ, विकावयास ठेवलेले असते. चव धूर लागलेल्या ताकासारखी. पहिल्या घोटास चेहरा जो व्हायचा तो होऊ द्यावा, विकणारी बाई त्याचीच वाट पाहत असते. त्यात अल्पसा मद्यांश असतो, हे घरी कळविण्याची आवश्यकता नाही.

घरच्या अन्नाची आठवण येऊन डोळ्यांत पाणी आल्यास लाजू नये. त्यास पातशाही दाखला आहे. ओशपासून जवळच असलेल्या अंदिजानात १४८३ साली जन्मलेला बाबर कोवळ्या वयात फरगाण्याचा अधिपती झाला, ओशच्या सुलेमान टेकडीवर त्याने एक छोटी खोली बांधली, आणि पुढे हिंदुस्थान जिंकल्यावर बाबरनाम्यात येथे चांगले घोडे नाहीत, द्राक्षे नाहीत, खरबूज नाही, बर्फ नाही, बाजारात बरी भाकर नाही, अशी तक्रारींची यादीच दिली. एकदा खरबूज कापून खाताना आपणास रडू आल्याचेही त्याने नमूद केले आहे. पानिपत मारलेल्या मनुष्यास फळावरून रडू येते, तर फणसाच्या दिवसांत आईने दूरध्वनीवर गऱ्यांचे वर्णन केल्याने पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास यावे यात गैर काय? मराठी मुलखातून दुसरा दाखला धर्मानंद कोसंबींचा. साखवाळचा हा गृहस्थ १९०२ साली बौद्ध धर्माच्या अध्ययनासाठी सिंहलद्वीपी गेला व कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी राहिला. भिक्षूने मध्यान्हानंतर जेवू नये हा तेथला नियम. खानावळीच्या रात्रीच्या राजम्यावर याहून खात्रीचा तोडगा आमच्या माहितीत नाही, पण तो कोणी पत्करील असे वाटत नाही.

सांस्कृतिक प्रसंगी काय बोलावे, हेही ठरवून ठेवावे. किर्गिझ लोकांचे ‘मानस’ हे महाकाव्य एका शाहिराच्या तोंडून सुमारे पाच लाख ओळींचे नोंदले गेले आहे, आणि ते ही गोष्ट सांगितल्यावाचून राहत नाहीत. अशा वेळी त्यांचा स्वातंत्र्यदिन ३१ ऑगस्ट हा ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचा जन्मदिवस असून सावंत आजऱ्याचे, असे शांतपणे सांगावे. त्यांना त्यातून काय बोध होतो कळत नाही, परंतु संभाषण बरोबरीत सुटते.

अभ्यासाविषयी विस्तार करण्याचे हे स्थळ नव्हे. परतल्यावर जी परीक्षा द्यावयाची तीत तीनशेपैकी दीडशे गुण लागतात एवढे स्मरणात असले तरी अर्धे जेवण गोड लागत नाही.

त्याहून कडक परीक्षा सुटीत घरी आल्यावर ओसरीवर होते. पहिला प्रश्न ठरलेला: “तिकडं घोडं खात्यात म्हणं?” या प्रश्नास ‘ते लोक खातात’ असे कर्तरी प्रयोगात, कर्ता स्पष्ट ठेवून उत्तर द्यावे, ‘तिकडे खातात’ असे मोघम बोलल्यास आजी त्या दिवसापासून पाण्याचा तांब्या वेगळा ठेवते. दुसरा प्रश्न थंडीचा, तो सोपा. तिसरा प्रश्न गवश्याच्या कारखान्याला ऊस घालणाऱ्या एखाद्या तात्यांकडून येतो, आणि तेथेच बहुतेकांची दांडी उडते.

“ऊस हाय का रं तिकडं?”

“नाही तात्या. बीट पिकवतात, बिटाची साखर करतात.”

“बिटाची? बरं. मग टनाला दर काय देत्यात?”

विद्यार्थी गप्प बसतो. आत्या चहा घेऊन येते, काठोकाठ.

“पाच वर्सं तिकडं काढलीस,” तात्या बशीत चहा ओतीत म्हणतात, “आन् दर न्हाई इचारलास?”