लोको फोरमन, मुक्काम जिंतूर

जिंतूरला रेल्वे नाही. गाडी धरायची तर आधी एसटीने परभणी नाहीतर सेलू गाठावं लागतं. तरीही गावात रेल्वेचं वर्कशॉप आहे म्हटलं, तर हसू नका. ते माळवदावरच्या खोलीत असतं आणि त्यात एकच कर्मचारी असतो.

हा गृहस्थ बहुधा निवृत्त. नोकरी शाळेत, बँकेत नाहीतर येलदरीच्या धरणावर झालेली. रेल्वेत मात्र नाही. रेल्वेत हयात घालवलेला माणूस निवृत्तीनंतर रुळाकडे ढुंकूनही बघत नाही. याला नाद आहे तो टेबलावर धावणाऱ्या जुन्या इंजिनांचा, आणि त्यातही बंद पडलेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात हॉर्नबी या इंग्रजी कंपनीचं एखादं इंजिन दिसलं आणि विकणारा 'एकदम चालू हाये' म्हणाला, की याचा चेहरा उतरतो.

घरी आणल्यावर ते उघडायचं. आतलं ग्रीस वाळून डिंक झालेलं. ते घरातल्याच कुणाच्या तरी टूथब्रशाने, रॉकेल लावून काढायचं. चाकांवरची काजळी पुसायची, कारण बारा व्होल्टची वीज रुळातून चाकांवाटेच मोटारीत जाते. मग कार्बन. झिजलेल्याच्या जागी बसणारा कार्बन जिंतूरच्या कुठल्याच दुकानात मिळत नाही, मिक्सरचा मिळतो. तो पॉलिशपेपरवर घासून घासून इंजिनाच्या मापाचा करायचा. दुकान बंद असेल, तर मिक्सर घरात असतोच. त्या घरात चटणी अजून पाट्यावर वाटतात. पाहुणे चवीची तारीफ करतात आणि काकू नवऱ्याकडे बघतात.

आर्मेचर जळलं असेल, तर स्वारी रिवाइंडिंगवाल्याकडे. तो बिचारा पाच हॉर्सपॉवरच्या विहिरीवरच्या मोटारी भरणारा. बोटाच्या पेराएवढा तो ऐवज तळहातावर घेऊन विचारतो, "काका, याची माय कुठंय?"

कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय ही याची पंढरी. भाऊसाहेब जोशींनी उभारलेली ती अख्खी नगरी १९९८पासून लोक बघतात आणि 'वा!' म्हणतात. हा मात्र डोळे मिटून, कुठल्या इंजिनाचा गिअर खरखरतोय ते ऐकत उभा.

मापाचा विषय मात्र काढू नये. मी काढला. "हॉर्नबी म्हणजे खऱ्याचा ७६वा हिस्सा. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. म्हणजे रूळ किती पायजेत? बावीस! आन् हे पळतंय साडेसोळावर. इंग्रजाला सोताच्या देशातलं माप तरी धरता आलं का? त्याच्या हिशेबानं जवळपास एकोणीस होतंय!" यापुढे मनमाड-परभणीचा मीटरगेज निघतो. नव्वदच्या दशकात त्याचं ब्रॉडगेज झालं, गावोगावच्या लोकांनी पेढे वाटले असतील. याने सुतक धरलं, ते अजून फिटलेलं नाही.

दुरुस्त इंजिनाची चाचणी संध्याकाळी. गल्लीतली पोरं जमतात, काकू दारात उभ्या राहतात, फोरमनसाहेब शिट्टी तोंडाने वाजवतात. इंजिन एक वळण घेतं, दुसऱ्या वळणावर येतं आणि लाईट जाते. अंधारात कुणी तरी विचारतं, "काका, बंद पडलं का?"

"बंद कशाला पडंल? आउटरला उभी हाये."