आजाऱ्यांच्या गावात धावणाऱ्यांसाठी

बाड गास्टाइन हे गाव धावण्यासाठी वसवलेलं नाही, पडून राहण्यासाठी वसवलेलं आहे, हे धावपटूने बुटाची नाडी बांधण्यापूर्वीच ध्यानात घ्यावं. ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतात, होहे टाउएर्न पर्वतरांगेच्या कुशीत, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर हे गाव आहे. 'वसलं आहे' म्हणावं इतकी सपाट जागा तिथे नाही. ते कड्याला धरून उभं आहे. ऐन मधोमध ३४१ मीटरचा धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो आणि त्याच्या तुषारांत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची टोलेजंग हॉटेलं भिजत असतात. जमिनीतून ४६ अंशांच्या आसपास गरम पाणी येतं, त्यात रेडॉन वायू असतो आणि त्या पाण्यात बसलं की आखडलेले सांधे मोकळे होतात, अशी ख्याती मध्ययुगापासून आहे. थोडक्यात, ज्यांचे गुडघे गेले ते इथे येत. आता ज्यांना गुडघे घालवायचे आहेत ते येतात. २०१८ साली एका मोठ्या बूट-कंपनीने इथे डोंगरी धावण्याची स्पर्धा भरवली, तेव्हापासून तर या मंडळींना राजमान्यताच मिळाली.

या दोन जमातींची गाठ जिथे पडते त्या वाटांची माहिती करून घेणं हाच धावपटूचा खरा अभ्यास. स्नान झालं की फेरफटका, असा जुन्या वैद्यांचा दंडक. पण येणारे रुग्ण साधेसुधे नव्हते. प्रशियाचा राजा आणि पुढे जर्मनीचा सम्राट पहिला विल्हेल्म इथे पुन्हा पुन्हा येई, बिस्मार्क येई, ऑस्ट्रियाचा फ्रान्झ योजेफ येई. अशा माणसांना धाप लागू देणं राजकीयदृष्ट्या सोयीचं नसतं. त्यामुळे डोंगराच्या अंगावरून मंद चढाच्या, सावलीच्या, बाकं मांडलेल्या वाटा निघाल्या. आज अर्ध्या चड्डीत, पाठीवर पाण्याची पिशवी लावून आपण ज्या 'ट्रेल'वर घाम गाळतो, ती बहुतेक वेळा एखाद्या संधिवाताच्या सम्राटाची शतपावलीची वाट असते. हे घरी सांगायची गरज नाही.

सुरुवात स्टेशनापासून करावी. रेल्वे इथे १९०५ साली पोचली. म्युनिक-साल्झबुर्गकडे नोकरी करणारी मराठी मंडळी शनिवारी पहाटेच्या गाडीने येतात, उतरल्या उतरल्या मनगटावरचं घड्याळ चालू करतात आणि सुसाट निघतात. वेग पाहून स्वतःच चकित होतात. स्टेशन वर आहे आणि जुना गावभाग खाली, हा उलगडा परतताना होतो. गावातले जिने आणि वळणं चढायला लागली की घड्याळातला आकडा बघू नये. धबधब्याच्या पुलावर थांबावं आणि पाण्याकडे बघत असल्याचा चेहरा करावा. तिथे एवढा आवाज असतो की आपली धाप कोणाला ऐकू जात नाही. धाप लपवायला याहून चांगली जागा आल्प्समध्ये मला तरी माहीत नाही.

पुलाजवळच्या चौकात स्ट्राउबिंगर हॉटेल आहे. १४ ऑगस्ट १८६५ रोजी प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी श्लेस्विग आणि होल्श्टाइन या प्रांतांच्या वाटणीचा करार इथे केला आणि पुढच्याच वर्षी एकमेकांशी युद्ध केलं. गरम पाण्यातून ताज्या निघालेल्या माणसाने केलेले संकल्प किती टिकतात याचा हा अधिकृत पुरावा आहे. तेव्हा टबात बसून पुढच्या वर्षीच्या शंभर किलोमीटरच्या शर्यतीत नाव नोंदवू नये.

पहिल्या दिवशी कैसर विल्हेल्म प्रोमेनाड घ्यावा. सपाट आहे, दरीचं दृश्य आहे, बाकं आहेत. त्याला जोडून पुढे बाड होफगास्टाइनकडे जाणारा 'होहेनवेग' धरावा. नावात उंची आहे, पण सात-आठ किलोमीटरांत मिळून वाट खालीच उतरते. ती गास्टाइनहून होफगास्टाइनकडेच धावावी आणि परत बसने यावं. उलट्या दिशेने धावणारे लोक असतात. त्यांच्याशी मैत्री करू नये.

दुसऱ्या दिवशीची वाट मात्र सविस्तर सांगण्याजोगी. हा ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी एलिझाबेथच्या नावाचा रस्ता, नदीच्या काठाकाठाने ब्योकश्टाइन गावापर्यंत जाणारा, जवळपास सपाट. सपाट म्हणून त्याला कमी लेखू नये, कारण जिचं नाव त्याला दिलं आहे ती बाई या मार्गदर्शिकेतली सर्वांत गंभीर व्यक्ती आहे. सिसी या नावाने जगाला माहीत असलेली ही राणी तासन् तास, आणि तेही इतक्या झपाट्याने चाले की बरोबरच्या दासी रडकुंडीला येत. व्हिएन्नाच्या राजवाड्यात तिने स्वतःसाठी व्यायामाची कडी टांगून घेतली होती. कंबर किती इंच आणि वजन किती यावर तिची नजर आपल्या कुठल्याही धावण्याच्या ग्रुपच्या अॅडमिनपेक्षा कडक होती. आज ती असती तर रोज सकाळी साडेपाचला नकाशासकट मेसेज टाकून तिने सगळ्यांचा दिवस नासवला असता. तिच्या वाटेवर जाताना निदान पोट आत ओढून धावावं, हा शिष्टाचार.

याच वाटेवर धावपटूचा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडतो. मागून टक्-टक् असा आवाज येतो. दोन काठ्या घेतलेल्या, पांढऱ्या केसांच्या, पंच्याहत्तरीच्या एक स्थानिक आजी जवळ येतात, 'ग्र्यूस गॉट' म्हणतात आणि पुढे जातात. असं घडणारच, याची तयारी घरून करून यावी. मान्य पद्धती तीन आहेत. आवाज ऐकताच वाकून बुटाची नाडी सोडावी आणि पुन्हा बांधावी. किंवा फोन काढून समोरच्या डोंगराचा फोटो घ्यावा. डोंगर ढगात असला तरी घ्यावा. किंवा घड्याळाचं बटण दाबून, 'आज हलकं धावायचं ठरवलंय' असं मराठीत स्वतःशी पुटपुटावं. आजींचा पाठलाग करू नये. तसा प्रयत्न करून पुढच्या बाकावर विसावलेल्यांना त्या परतताना पुन्हा भेटतात.

चढावर चालावं. जगातले नामवंत डोंगर-धावपटूही उभ्या चढावर चालतात. ते दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून चालतात, म्हणून ते तंत्र दिसतं. आपण हात कमरेवर ठेवतो, म्हणून लोक पाणी विचारतात. तळवे मांड्यांवर ठेवण्याचा सराव खोलीत आरशासमोर करावा.

ब्योकश्टाइनच्या पुढे वाट बिघडते, म्हणजे चांगली होते. नासफेल्डकडे जाणारी घळ लागते. तिच्यात केसेलफाल, बेरेनफाल असे धबधब्यांमागून धबधबे आहेत. वर श्पोर्टगास्टाइनचं साधारण १६०० मीटरवरचं सपाट कुरण उघडतं. साडेचारशे मीटरांची ही चढाई इथे 'मधली' गणली जाते. वाटेवरच्या पाटीवरून हे कळतं: निळा ठिपका म्हणजे सोपी, लाल म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. पिवळ्या पाटीवर किलोमीटर नसतात, तास असतात आणि ते चालणाऱ्याचे असतात. धावपटूने दीड तासाची पाटी एक तास अठ्ठावीस मिनिटांत पार केली तर दोन मिनिटं वाचवली असं न म्हणता 'पाटी मोडली' असं म्हणावं.

काळा ठिपका पाहायचाच असेल तर ग्राउकोगेल आहे. २४९२ मीटर. गावातून निघालं तर जवळजवळ दीड हजार मीटर चढ. दोन सिंहगड एकावर एक रचले तरी वर जागा उरेल. १९५८ साली याच डोंगरावर टोनी झायलर नावाच्या ऑस्ट्रियन पोराने स्कीइंगच्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदकं मिळवली. तो वरून खाली आला होता, हे विसरू नये. समोरच्या बाजूला श्टुबनरकोगेल आहे. तिथे २००९ साली १४० मीटर लांबीचा झुलता पूल बांधला आणि त्यावर जायला गावातूनच रोपवे निघतो. रोपवेने वर जाऊन पुलावर दहा पावलं धावत फोटो काढणं याला काही शुद्धतावादी धावणं मानत नाहीत. फोटो चांगला येतो.

इथवर आलेल्या वाचकाने दोन गोष्टींत मात्र हसू नये. उन्हाळ्यात दुपारनंतर विजांचे पाऊस येतात, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत उतरावं. उत्तरेकडच्या उतारांवर जूनमध्येही बर्फ असू शकतो आणि डोंगरातल्या अपघातासाठी ऑस्ट्रियात १४० हा क्रमांक आहे. दुसरी गोष्ट गायी. कुरणातल्या गायी चित्रातल्यासारख्या दिसतात आणि वासरू बरोबर असेल तर चित्रातल्यासारख्या वागत नाहीत. २०१४ साली तिरोलमध्ये कुत्रा घेऊन चाललेली एक पर्यटक बाई गायींच्या हल्ल्यात मरण पावली आणि प्रकरण वर्षानुवर्षं कोर्टात चाललं. लांबून वळसा घालावा, फाटक लावून घ्यावं आणि आपल्याकडे सवयीने करतो तसा शेपटीला हात लावून नमस्कार करू नये.

बोलण्याचा एक नियम. हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना 'अरे-तुरे' करतात असा आल्प्समध्ये संकेत आहे. बाड गास्टाइन नेमकं त्याच उंचीवर आहे. म्हणजे खालच्या चौकात 'अहो' आणि स्टेशनावर 'अरे'. मधल्या जिन्यात गप्प राहावं.

खाण्याबाबत तडजोड करू नये. कुरणावरच्या लाकडी झोपडीत कैसरश्मार्न मिळतं: जाडसर गोड पॅनकेक तव्यातच फाडलेला, कडा लोण्यात करपल्यासारख्या, वर पिठीसाखरेचा पाऊस, बाजूला आलुबुखाराचा आंबटगोड शिजवलेला गर. एक थाळी दोघांना पुरते असं झोपडीची मालकीण सांगते. तिचं ऐकू नये.

ज्यांना धावणं अजिबात जमणार नाही असं लक्षात आलं आहे, त्यांनी निराश न होता इतिहासाचा आधार घ्यावा. डिसेंबर १९३७ मध्ये सुभाषचंद्र बोस इथे होते. बाहेर बर्फ असताना दहा दिवसांत त्यांनी आपल्या आत्मचरित्राची दहा प्रकरणं लिहून काढली. खोलीत बसून राहण्याला याहून भक्कम भारतीय पाठिंबा मिळणार नाही. फक्त संध्याकाळी काय लिहिलंत असं कोणी विचारलं तर दाखवायला काहीतरी असावं.

शेवटचा टप्पा ब्योकश्टाइनच्या बोगद्यात. १९४० साली राडहाउसबेर्गच्या पोटात सोन्यासाठी खोदाई सुरू झाली; सोनं काही हाती लागलं नाही, पण आत विलक्षण उकडतं आणि कामगारांची दुखणी कमी होतात असं लक्षात आलं. आता छोटी आगगाडी तुम्हाला आत नेते. आधी डॉक्टर तपासतात. तिथे आठवड्याला किती किलोमीटर धावता हे खरं सांगावं, त्यांच्यापाशी फुगवून उपयोग नाही. आत ३७ ते ४१ अंश, हवा दमट, आणि ओळीने मांडलेल्या खाटांवर लोक उताणे पडलेले. तासभर काही करायचं नसतं. दोन दिवसांत डोंगरावर निघाला नाही इतका घाम इथे निघतो. तेवढ्यात शेजारचा मराठी धावपटू कुजबुजत मनगट पुढे करेल आणि विचारेल, याची नोंद कशी करायची? डोंगराच्या पोटात जीपीएस लागत नाही. त्याला तसं सांगावं आणि कूस बदलावी.