खरवडकाका

दुधाच्या पातेल्याला लागलेल्या खरवडीवरून आम्हा भावंडांत लहानपणी मारामाऱ्या व्हायच्या. मोटारीलाही खरवड असते आणि तिच्यापायी रविवारची झोप सोडणारी माणसं असतात, हे मात्र मला डोंबिवलीत राहायला आल्यावर कळलं. असा एक गृहस्थ बहुतेक सोसायट्यांत सापडतो. आमच्याकडचे बी विंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतात. मुलांनी त्यांचं नाव खरवडकाका ठेवलंय. त्यांना ते माहीत आहे आणि आवडत नाही असंही नाही.

काका ऑडिटमधून निवृत्त झाले. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, त्यात गाडी घ्यायची राहून गेली. २०२४च्या दिवाळीत त्यांनी एक निळी, छोटी, २०११ची पेट्रोल गाडी घेतली. नंबर एमएच-०३, म्हणजे मुंबईची पूर्व उपनगरं. आरसीची पंधरा वर्षं भरायला जेमतेम दीड वर्ष उरलं होतं. कुणी ते बोलून दाखवलं की काका म्हणत, "ते सोडा हो, इंजिनचा आवाज येतो का सांगा." आवाज येत नसे, कारण गाडी सुरूच होत नसे. ती उभी असे आणि काका तिला खरवडत असत.

जुनी गाडी घेणाऱ्यांत एक जात फार सहनशील असते. पहिल्या मालकाचा गणपती, त्याची सोसायटी, त्याच्या पोरांची नावं, सगळं आहे तसं ठेवून हे लोक खुशाल फिरतात. आमच्या ऑफिसातला एक अविवाहित मुलगा चार वर्षं मागच्या काचेवर दोन मुलांची नावं घेऊन हिंडत होता. त्याचं लग्न उशिरा जमलं, त्याचं खापर सगळे पत्रिकेवर फोडतात; माझा संशय काचेवर आहे. काकांना हे असलं काही सोसत नाही. आरसीवर नाव चढल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते मला पार्किंगमध्ये घेऊन गेले आणि डिकीकडे बोट दाखवून म्हणाले, "कागदावर मालक मी, आणि आशीर्वाद दुसऱ्याच्या आईचा? हे कसं चालेल?"

डिकीवर रेडियममध्ये 'आईचा आशीर्वाद' असं ठसठशीत लिहिलेलं होतं. रेडियमचा या अक्षरांशी काडीचा संबंध नाही, ते साधं कापलेलं विनाइल. पण आपल्याकडे त्याला रेडियमच म्हणतात आणि चिकटवून देणाऱ्याला रेडियमवाला. काका आधी त्याच्याकडेच गेले होते. तो म्हणाला, नवीन लावणार असाल तर जुनं काढून देतो. नुसतं काढायचंय म्हटल्यावर त्याने काकांकडे, शिंप्याकडे उसवायला कपडे घेऊन आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. तिथून काकांनी हे काम अंगावर घेतलं.

ऑडिटरच तो. आधी अख्ख्या गाडीची तपासणी केली. मागच्या दारांच्या काचांना कडेने काळ्या फिल्मच्या चिंध्या आणि काळपट चिकटा होता. काका म्हणाले, "हा थर २०१२चा. सुप्रीम कोर्टाने २७ एप्रिलला निकाल दिला, ४ मेपासून काळ्या फिल्म बंद. या माणसाने ४ तारखेला हवालदार दिसल्यावर भर रस्त्यात ओरबाडून काढलीय." पुढच्या काचेच्या आत फास्टॅग होता, तो २०२१च्या फेब्रुवारीतला, कारण तेव्हा टोलनाक्यावर तो सक्तीचा झाला आणि हा मनुष्य सक्तीशिवाय काही करणारा नव्हता. जुना फास्टॅग नव्या मालकाला चालत नाही आणि काढायला गेलं की फाटतो, तशीच त्याची रचना असते. ते एकच काम काकांना एका झटक्यात जमलं. शिवाय चार वेगवेगळ्या सोसायट्यांची पार्किंगची स्टिकरं, एकावर एक. "भाडेकरू होता," काकांनी शेरा मारला. मागच्या काचेला आतून तांबडी फुली होती, डॉक्टर लावतात तसली. आणि पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात एक अर्धवट हिरवा गोल. त्या दोन गोष्टींवर काकांनी त्या दिवशी काहीच शेरा मारला नाही.

मग रविवार सुरू झाले.

विनाइल नवं असताना सालासारखं सोलून निघतं. बारा-तेरा वर्षं ऊन खाल्लं की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उडून जातं आणि मग ते पापडासारखं तुटतं, नखाएवढं, नखाच्या निम्म्याएवढं. 'आशीर्वाद'मधली वेलांटी काढायला काकांना एक अख्खी सकाळ लागली. वरचं निघालं तरी खाली डिंक राहतोच. त्याला डिंक म्हटलेलं काकांना खपत नाही. "डिंक बाभळीचा. हे अ‍ॅक्रिलिक आहे. पाण्याला दाद देणार नाही. तेलाला तेल विरघळवतं, तसं याला तेलकटच काहीतरी लागतं." हे शास्त्र बरोबर आहे. पण पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या माणसाला शास्त्र नको असतं, त्याला स्वतःचा उपाय सांगायचा असतो. कुणी म्हणालं टूथपेस्ट, कुणी सॅनिटायझर, कुणी लिंबू आणि खायचा सोडा. सी विंगमधल्या आजींनी माळ्यावरची बाटली काढून रेशनचं निळं रॉकेल दिलं, ते बहुधा त्यांच्या सुनेच्या लग्नाच्या आधीचं असावं. एका उत्साही तरुणाने थिनर आणून दिला. काकांनी बाटली घेतली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाले, "हा आधी रंग खाईल, मग चिकटा. तू घरी जा."

शेवटी त्यांची पद्धत ठरली ती अशी. हेअर ड्रायरने अक्षर शेकायचं, वीतभर अंतरावरून, हात हलता ठेवून. कोमट झालं की मुदत संपलेल्या क्रेडिट कार्डाच्या कडेने उचलायचं. उरलेल्या चिकट्यावर खोबरेल लावून वीस मिनिटं थांबायचं, मग जुन्या बनियनने पुसायचं. तरीही हटला नाही तर नीलगिरीचं तेल. शेवटी साबणाचं पाणी. पातं फक्त काचेवर, पत्र्याला कधीच नाही. हेअर ड्रायर आमचा. काकूंचं नॉनस्टिकचं उलथनंही मधे दोन रविवार पार्किंगमध्ये होतं. ते परत घरात आल्यावर काकूंनी त्याला धिरड्याला हात लावू दिला नाही.

वीस मिनिटांच्या त्या मुदतीत काका बोलतात. १९२५ साली अमेरिकेत रिचर्ड ड्रू नावाच्या माणसाने मास्किंग टेप काढली ती गाड्या रंगवणाऱ्यांसाठीच, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन होती. रंगारी एका रंगावर कागद चिकटवून दुसरा मारायचे, आणि कागद काढताना खालचा रंगही घेऊन यायचे. शिव्या ऐकून हा ड्रू कामाला लागला. "म्हणजे बघा," काका तेलकट बोट वर करून म्हणाले, "त्या माणसाने विचार केला तो निघण्याचा. चिकटवायला काय, कुणीही चिकटवतं."

गणपतीपाशी काका अडले. मागच्या काचेवरच्या गणपतीची सोंड पहिल्या रविवारी निघाली, मोदक तसाच राहिला. अर्ध्यावर सोडणं बरं दिसेना म्हणून काका रात्री टॉर्च लावून बसले आणि बाप्पाला पुरतं मोकळं केलं. मग ते तुकडे हातात घेऊन दहा मिनिटं उभे. कचऱ्यात टाकवेनात. निर्माल्यात घालावं तर ते प्लास्टिक. अखेर एका लिफाफ्यात घालून, वर तारीख लिहून ते देवघराच्या खणात ठेवण्यात आले. अजून तिथेच आहेत.

'आईचा आशीर्वाद' सात रविवारांनी संपला. चिकटा गेला, तेल गेलं, गाडी धुतली, वाळली. काकांनी आम्हा सगळ्यांना खाली बोलावलं. आम्ही गेलो आणि डिकीवर स्पष्ट वाचलं, 'आईचा आशीर्वाद'. विनाइलच्या सावलीतला निळा रंग कोरा राहिला होता, आजूबाजूचा उन्हाने विटला होता. अक्षरं आता पहिल्यापेक्षा सुबक दिसत होती. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे चूक अक्षरांची नाही. बाकीच्या गाडीची आहे."

त्यांनी पेंटरला विचारलं. तो म्हणाला, रबिंग मारून देतो, पण जपून, वरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचा, केसाहून बारीक. तो गेला की मग संपलंच. काकांनी कंपाउंड विकत आणलं आणि स्वतःच सुरुवात केली. त्याने अक्षरं फिकट झाली आहेत, गेलेली नाहीत. सकाळी तिरपं ऊन आलं की 'आशी' एवढं अजून दिसतं.

तांबड्या फुलीचं काय, हे मी बरेच दिवस विचारलं नव्हतं. मागची काच गणपतीसाठी लख्ख झाली तरी फुली जिथल्या तिथे होती. एकदा विचारलं, तर काका लगेच म्हणाले, "तसं ते चिन्ह डॉक्टरांनीही लावायचं नसतं. १९६०चा जिनिव्हा करार कायदा आहे. तांबडी फुली रेड क्रॉसची, लष्कराच्या वैद्यकीय सेवेची. खाजगी गाडीवर गुन्हा आहे."

"मग काढत का नाही?"

"मागच्या काचेला आतून डीफॉगरच्या रेषा आहेत. फुली नेमकी त्यांच्यावर. पातं लागलं की रेषा तुटली. घाई करून चालत नाही."

कारण अगदी बिनतोड होतं. पण मी एकदा त्यांच्या गाडीतून ठाण्याला गेलो. जिथे रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या उचलून नेत होते तिथे काकांनी ऐटीत गाडी लावली, आणि परत आलो तेव्हा ती तिथेच उभी होती. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. तो हिरवा गोल मला तेव्हा आठवला. २०२१च्या एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांना रंगीत गोल लावले होते, लाल वैद्यकीय सेवेला, हिरवा दूध-भाजी-किराण्याला. आठवड्याभरात ती पद्धत बंद झाली. मी म्हटलं, "काका, पहिला मालक किराणावाला होता. फुलीही त्याने पार्किंगसाठीच लावलेली." काका गिअर बदलत म्हणाले, "त्याची बायको डॉक्टर असेल."

पुढे जे झालं ते रात्री दीड वाजता झालं. ए विंगमध्ये नवीन भाडेकरू आले होते. त्यांच्या चार वर्षांच्या मुलाने नाकात हरभरा घातला. वॉचमनला विचारलं, इथे डॉक्टर कोण? वॉचमनने निळ्या गाडीकडे बघितलं आणि बी विंगची बेल वाजवली. काकांनी लुंगीत दार उघडलं. समोर रडणारं पोर, त्याची आई, बाप, आजी. काकांना "मी डॉक्टर नाही" एवढं म्हणायलाही कुणी अवसर दिला नाही. त्यांनी मुलाची हनुवटी धरून तोंड दिव्याकडे केलं. बोटांना नीलगिरीचा वास होता, त्यांच्या बोटांना तो कायमच असतो. मुलाने एक शिंक दिली आणि हरभरा काकूंच्या रांगोळीवर जाऊन पडला.

सकाळी सात वाजता त्या मुलाची आजी साखरेच्या रिपोर्टांची फाइल आणि नातवाच्या हाती पेढ्यांचा पुडा घेऊन काकांच्या दारात हजर. "डॉक्टरसाहेब, जरा बघता का?" काकांनी पेढे घेतले, फाइल घेतली नाही. साडेसातला ते हेअर ड्रायर घेऊन खाली उतरले. मी गॅलरीतून घड्याळ लावून बघितलं. फुली अठरा मिनिटांत निघाली, एकसंध, आणि डीफॉगरच्या एकाही रेषेला ओरखडा नाही.

आता गाडी तशी स्वच्छ आहे, त्यामुळे काका दुसऱ्यांच्या गाड्या बघत पार्किंगमध्ये फिरतात. तुमच्या सोसायटीत असं कुणी असेल आणि रविवारी बेल वाजवून वहिनींचा हेअर ड्रायर मागितला, तर बिघडलाय म्हणून सांगा. आमचा दिवाळीपासून त्यांच्याकडेच आहे.