हॉर्न्सबीचे कोळीकाका

परदेशात मुरलेला मराठी माणूस नवख्याला काहीतरी दाखवल्याशिवाय सोडत नाही. अमेरिकेतला घर दाखवतो आणि न विचारता कर्जाचा हप्ता सांगतो. लंडनवाला खिडकीतून आभाळ दाखवतो. सिडनीवाल्याकडे मात्र दाखवायला कोळी असतो. ऑपेरा हाऊस काय, कुणीही दाखवील. त्याला एक रविवार पुरतो. कोळी दाखवायला अभ्यास लागतो, आणि तो केलेले एक काका तिथल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात असतातच. त्यांचं खरं नाव मंडळाच्या वर्गणीच्या पावतीपुरतं उरलेलं असतं. बाकी सगळ्यांचे ते कोळीकाका.

वय साठीच्या पलीकडे, घर शहराच्या उत्तरेला हॉर्न्सबीच्या बाजूला, मागे अंगण, अंगणात ओलसर दगडांची रास आणि गॅरेजात टॉर्च, हातभर लांब चिमटा नि लोणच्याच्या रिकाम्या बरण्या. माणूस लाखमोलाचा. पहाटेच्या विमानाला घ्यायला येतील, भाड्याचं घर शोधून देतील, फ्रीज उचलायला हात लावतील. फक्त गाडीत बसल्या बसल्या सांगतील, "वहिनी, समोरची ती उन्हाची झडप एकदम खाली ओढू नका हं. तिच्यामागे हंट्समन बसतो." सांगलीहून निघाल्यापासून न झोपलेल्या वहिनी सीटवर पाय घेऊन मांडी घालतात, ती थेट घर येईपर्यंत. हंट्समन हा पंज्याएवढा, चपटा, केसाळ कोळी. झुरळं खातो, माणसाच्या वाटेला जात नाही. काकाही तेच सांगतात, "अगदी निरुपद्रवी!" पण अशा आवाजात, की त्यापेक्षा विषारी म्हणाले असते तर परवडलं असतं.

कोळ्यांची एक प्रतवारी आहे आणि काका माणसांची प्रतवारी तिच्यावरूनच लावतात. वेंटवर्थव्हिलच्या फ्लॅटमध्ये हंट्समन निघाला, तर "असू दे, असू दे, सुरुवात अशीच होते" म्हणून पाठ थोपटतात. बैठ्या घरात राहायला गेलेल्याकडे रेडबॅक सापडला, तर चहाला थांबतात. आणि कुणाच्या अंगणात फनेलवेब निघाला, तर ते कुटुंब मंडळाच्या कार्यकारिणीत घेण्याच्या लायकीचं ठरतं. फनेलवेबला ओल लागते, सावली लागते, दगडाखालचं बीळ लागतं. हे सगळं सिडनीच्या उत्तरेकडच्या झाडीत मुबलक आहे. "आमच्याकडे आहे तो," हे वाक्य काका रत्नागिरीकर हापूसबद्दल बोलतो त्या सुरात बोलतात.

घर दाखवताना लोक स्वयंपाकघरापासून सुरुवात करतात, काका पत्रपेटीपासून. "आत हात घालायचा नाही. आधी वाकून बघायचं." रेडबॅकची मादी वाटाण्याएवढी, काळी, पाठीवर लाल पट्टा. पत्रपेटी, कुंडीची कड, मुलांच्या सायकलच्या सीटची खालची बाजू, अंगणातल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ही तिची आवडती ठिकाणं. पाहुणा टेकणार एवढ्यात काका त्याच्या खालची खुर्ची काढून उलटी करतात. कोळी नसतोच बहुतेक वेळा, पण पाहुणा पडलेला असतो.

मग तोंडी परीक्षा. "रेडबॅक चावला तर काय कराल?"

"घट्ट बँडेज."

"चूक! बर्फ. त्याचं विष सावकाश भिनतं, आवळून बांधलंत तर कळा वाढतील. आणि फनेलवेब चावला तर?"

"बर्फ?"

"गेलात!" काका समाधानानं म्हणतात. फनेलवेबला बँडेजच. चावलेल्या जागेवर आणि मग अख्ख्या हाताला किंवा पायाला, खाली फळीचा आधार, रोग्यानं तसूभरही हलायचं नाही आणि ताबडतोब ००० ला फोन. प्रात्यक्षिकासाठी हात अर्थातच पाहुण्याचा. काकू पोहे घेऊन येतात तेव्हा तो उजव्या हाताला फळी बांधून बसलेला असतो आणि डाव्या हातानं चमचा धरायला शिकतो.

फनेलवेबबद्दल बोलताना काकांचा आवाज देवघरातला होतो. काळाभोर, तुकतुकीत, पुढचा भाग जणू पॉलिश केलेला. मादी बिळात राहते. नर उन्हाळ्यात, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, बायको शोधायला बाहेर पडतो आणि पाऊस झाला की माणसांच्या घरात शिरतो. विषही नराचंच जास्त जहाल. त्याच्या दुसऱ्या पायावर एक काटा असतो, ही काकांची खास खूण. हा काटा दिसायला किती जवळ जावं लागतं, असं विचारलं की ते विषय बदलतात. तिथल्या जाणकारांचा सल्ला साधा आहे: ट्रॅपडोर आणि माऊस स्पायडर हे कोळीही तसेच दिसतात, तेव्हा काटा मोजत बसू नका, मोठा काळा कोळी दिसला की तो फनेलवेबच समजा आणि मागे सरा. काकांना हा सल्ला अडाणीपणाचा वाटतो.

२०२५ च्या जानेवारीत मात्र त्यांच्यावर आघात झाला. सिडनी फनेलवेब ही एक जात नसून तीन आहेत, असं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं आणि त्यांतली सगळ्यात मोठी निघाली न्यूकॅसलकडची. काका कितीतरी दिवस गप्प होते. न्यूकॅसलला त्यांचा मेहुणा राहतो.

त्यांच्या घरची सत्यनारायणाची पूजा पाहण्यासारखी असते. पूजा म्हटली की चपला-बूट दाराबाहेर, आणि दाराबाहेर म्हणजे काकांच्या मते थेट फनेलवेबच्या पदरात. कथा चालू असताना ते दर अध्यायाला एकदा उठून पादत्राणांवर टॉर्च फिरवून येतात. प्रसाद घेऊन निघालेला प्रत्येक पाहुणा पायरीवर आपले बूट तीनदा आपटतो. शेजारच्या ऑस्ट्रेलियन कुटुंबाची समजूत आहे की हा आपल्या धर्मातला शेवटचा विधी आहे. दिवाळीत किल्ला करायला मुलं माती उकरू लागली की काका सगळ्यांना बागकामाचे जाड हातमोजे देतात. त्या हातमोज्यांनी मावळे काही नीट उभे राहत नाहीत. दरवर्षी निम्मं सैन्य तटाखाली आडवं.

बरण्यांचं प्रकरण मात्र खरोखर कौतुकाचं आहे. फनेलवेबवर पूर्वी औषधच नव्हतं. तेरा मृत्यूंची नोंद आहे. मेलबर्नच्या कॉमनवेल्थ सीरम लॅबोरेटरीजमध्ये स्ट्रुअन सदरलँड यांनी प्रतिविष तयार केलं, ते १९८१ मध्ये वापरात आलं आणि तेव्हापासून या कोळ्यानं एकही माणूस दगावलेला नाही. ते बनतं सशांच्या रक्तापासून, कारण आपल्याला मारणारं हे विष सशाला फारसं बाधत नाही. त्यासाठी विष लागतं, विषासाठी नर लागतात, आणि ते नर गॉसफर्डजवळच्या ऑस्ट्रेलियन रेप्टाइल पार्कला सामान्य लोकच पकडून नेऊन देतात. फनेलवेबला गुळगुळीत काचेवर चढता येत नाही, म्हणून काचेची बरणी उत्तम. काका वर्षाकाठी एखादा नर तिथं पोचवतात. गाडी चालवताना बरणी काकूंच्या मांडीवर असते. काकूंची तक्रार बरणीत काय आहे याबद्दल नसते. ती बरणी त्यांच्या आईच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची होती, याबद्दल असते. शिवाय घरात हंट्समन निघाला, की काका त्याचं लॅटिन नाव आठवत असताना काकू त्याच्यावर स्टीलचा डबा पालथा घालतात, खाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका सरकवतात आणि कुंपणाबाहेर सोडून येतात. पोळी तव्यावर असते.

एका कोळ्याच्या बाबतीत काका ऐकत नाहीत. पांढऱ्या शेपटीचा व्हाइटटेल चावला की मांस सडतं, असं ते सांगतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात व्हाइटटेलच चावल्याची खात्री झालेले १३० जण तपासले होते; एकाचीही जखम सडली नव्हती. काका म्हणतात, "त्यांनी आमच्या बाजूचे घेतले नसतील."

त्यांना निरुत्तर केलेला एकच माणूस माझ्या माहितीत आहे. महाडचे एक अण्णा मुलाकडे आले होते. काकांनी फनेलवेबच्या विषाचं वर्णन केलं: दरदरून घाम, तोंडाला लाळ, भडकलेला रक्तदाब, छातीत पाणी. अण्णांनी शांतपणे सुपारी कातरली. "म्हणजे आमचा लाल विंचू," ते म्हणाले. "आम्ही भाताच्या पेंढ्यात हात घालतो तेव्हा तो असतो. पूर्वी शंभरातली चाळीस माणसं जायची. आमच्या डॉक्टर बावस्करांनी प्राझोसिनची, रक्तदाबाची साधी गोळी, देऊन पाहिली. आता शंभरात एखादं जातं." मग काकांच्या बरणीकडे पाहून त्यांनी विचारलं, "हा पावसाळ्यात अंथरुणात येतो का हो तुमच्याकडे?" त्या दिवशी काकांनी अण्णांना खुर्ची उलटी न करता बसायला दिली.

आता हिशेब सांगतो. २००० ते २०१३ या काळात ऑस्ट्रेलियात सर्पदंशानं २७ माणसं गेली, मधमाश्या-गांधीलमाश्यांनी २७, आणि घोड्यांमुळे ७४. कोळ्यानं एकही नाही. घोड्यांपासून सावध करणारे काका सिडनीत अजून कुणाला भेटलेले नाहीत.

तेव्हा मुलाकडे सहा महिने राहायला जाणार असाल, तर भिऊ नका. बाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी आपटा, जमिनीवर पडलेला टॉवेल झटकून घ्या, बागेत हातमोजे घाला. पोहण्याच्या तलावाच्या तळाशी काळा कोळी निपचित दिसला तर मेला समजून उचलू नका. तो अंगावरच्या हवेच्या बुडबुड्यावर पाण्याखाली तासन्‌तास तग धरतो. आणि कोळीकाकांनी अंगण बघायला बोलावलं, तर घरून जेवून जा. बँडेज सुटायला वेळ लागतो.