वरळी ते डोंबिवली, व्हाया टेक्सस

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असते, असं सरकारी कागद सांगतात. कागद खोटं बोलत नाहीत, फक्त उंची धरत नाहीत. गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांच्या काळात, १९२० नंतर, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या. एकूण २०७, त्यातल्या १२१ एकट्या वरळीत. तळमजला अधिक तीन, चाळीला ८० खोल्या, मधून बोगद्यासारखा पॅसेज आणि संडास सगळ्या मजल्याचे मिळून. सविनय कायदेभंगाच्या दिवसांत इथल्या काही चाळींचा तुरुंगही झाला होता. त्या कैद्यांना माळा घालायची परवानगी नसावी. आम्हाला होती, निदान कोणी विचारलं नव्हतं. त्यामुळे १६० फुटांवर अजून १०० फूट लाकडी फळ्यांचे चढले आणि पुढच्या तीन पिढ्यांनी जे जे टाकवत नव्हतं ते ते वर टाकलं.

चाळ पाडून टॉवर होणार हे आम्ही इतकी वर्षं ऐकत होतो की त्यावर विश्वास ठेवणं आमच्या पॅसेजमध्ये भाबडेपणाचं लक्षण मानलं जाई. २०१७ला जांबोरी मैदानात भूमिपूजन झालं, २०२१ला पुन्हा कामाचा शुभारंभ झाला आणि मग खरोखरच नोटीस आली. ५०० चौरस फुटांचं घर तयार होईपर्यंत म्हाडा महिना २५ हजार भाडं देणार, जागा आपली आपण बघायची. वरळीत २५ हजारांत गाडी उभी करायला जागा मिळते. आम्ही डोंबिवलीला गेलो.

गेलो म्हणजे जायचं ठरलं. न्यायचं कशातून, हे ठरायला वेळ लागला.

नेमकं त्याच सुमारास माझा भाचा टेक्ससमध्ये, डॅलसजवळ, ट्रक बघत होता. त्यालाही घरच ओढायचं होतं. फरक एवढाच की त्याचं घर चाकांवर होतं. फिफ्थ-व्हील म्हणतात तसला कॅम्पर त्याने घेतला होता : ३६ फूट लांब, साडेआठ फूट रुंद, आत पलंग, ओटा, फ्रिज आणि स्वतंत्र संडास. मी मनातल्या मनात गुणाकार केला. माझ्या जन्माच्या खोलीच्या जवळजवळ दुप्पट जागा हा पोरगा सुट्टीला जाताना मागे बांधून नेणार होता.

"मामा, भरून १४ हजार पौंड होतो," तो म्हणाला.

"आपल्यात सांग."

"सहा टनांच्या वर."

"आणि आमची खोली किती भरेल?"

यावर तो गप्प झाला. लहानपणी मे महिन्यात येऊन त्याने तो माळा पाहिलेला होता.

तर रोज सकाळी तिकडची रात्र गाठून आमची दोघांची वाहनचर्चा चाले. तिथल्या विक्रेत्याने त्याला एक देखणा पिकअप दाखवला होता. चारशेच्या घरात अश्वशक्ती, चामड्याच्या सीट, आणि "हा १३ हजार पौंड ओढतो, १४ला काय होतंय" असं तोंडी आश्वासन. मी ही गोष्ट खालच्या मजल्यावरच्या भाऊंच्या कानावर घातली. भाऊंची हयात बेस्टची डबलडेकर चालवण्यात गेली, त्यामुळे जगातल्या कुठल्याही वाहनावर मत द्यायचा त्यांना अधिकार आहे.

"ओढण्याचं सोड," भाऊ म्हणाले. "ओढतो तर बैलही. पाठीवर किती बसणार ते विचार त्याला."

आणि भाच्याने शोधून पाहिलं तर प्रश्न अगदी तिथेच होता. साध्या ट्रेलरची दांडी ट्रकच्या मागच्या बंपरखाली अडकते. फिफ्थ-व्हीलचं तसं नाही. त्याची मान थेट ट्रकच्या हौद्यात, मागच्या आसाच्या डोक्यावर येऊन बसते. म्हणून वळताना तो शहाण्यासारखा वागतो, वाऱ्यात शेपूट हलवत नाही. पण आपल्या वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा ट्रकच्या पाठीवर टाकतो. सहा टनांचा चौथा हिस्सा म्हणजे दीड टन. त्या देखण्या ट्रकच्या दारात, ड्रायव्हरच्या बाजूला, एक पिवळं स्टिकर होतं. माणसं आणि सामान मिळून याच्या वर जाऊ नका, असं त्यावर लिहिलेलं, आणि आकडा होता १,६५० पौंड. किलोत साडेसातशे.

इथे मी आणि भाऊ एकमेकांकडे बघायला लागलो. कारण साडेसातशे किलो हा आकडा वरळी नाक्यावरच्या कुठल्याही टेम्पोवाल्याला झोपेत विचारा. तो छोट्या हत्तीचा आकडा आहे! टाटांनी २००५मध्ये तो आणला तेव्हा त्याला ७०२ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन होतं आणि अश्वशक्ती १६. म्हणजे चारशे घोडे जुंपलेला तो अमेरिकन शहेनशहा आणि आमच्या गल्लीत सिमेंटच्या गोण्या टाकणारा हत्ती, पाठीवर घ्यायचं म्हटलं की दोघे सारखेच. भाऊंना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी स्वतःच्या पैशाने चहा सांगितला.

भाच्याचं पुढे असं झालं की तो एक पायरी वर गेला. मोठा ट्रक, मोठं डिझेल इंजिन. तर तिथे वेगळीच गंमत. डिझेल इंजिन स्वतःच इतकं जड की ताकद वाढते आणि पाठीवरची जागा इंजिनच खाऊन टाकतं. शिवाय त्या साडेसातशेत किंवा हजारात नुसता कॅम्पर नाही. ट्रकमध्ये बसलेला भाचा, त्याची बायको, दोन पोरं, कुत्रा, आणि तो कॅम्पर अडकवायचा लोखंडी सांगाडासुद्धा मोजायचा. भाच्याने हिशेबात स्वतःचं वजन लग्नाच्या वेळचं धरलं होतं. बायकोने वहीत खाडाखोड करून ते दुरुस्त केलं.

इकडे माझा शोध अधिक सरळ होता. नाक्यावर गेलो.

"सामान किती?" टेम्पोवाला म्हणाला. साताऱ्याकडचा पोरगा, कपाळाला गुलाल.

"एका खोलीचं."

"खोली कुठली?"

"बीडीडी."

"मग दोन खेपा," तो म्हणाला आणि हत्तीकडे बोट दाखवायचं सोडून पलीकडच्या बोलेरो पिकअपकडे वळला. "हिच्यात टाका. सतराशे किलो घेते."

चाळीत यावर सभा झाली. एका पक्षाचं म्हणणं, चारशेसात सांगा, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. १९८६पासून हे वाहन महाराष्ट्रात गणपतीही नेतं आणि वऱ्हाडही, त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला कोणी धजत नाही. पण डोंबिवलीची गल्ली मी पाहून आलो होतो. तिथे रिक्षा वळताना आरसे मिटून घेते. सामान कुठून निघतं यावर गाडी ठरत नाही, कुठे उतरतं यावर ठरते, असं मी ठणकावून सांगितलं आणि बोलेरो मंजूर झाली.

सामान उतरवायला सुरुवात झाली ती माळ्यावरून. मी इतकी वर्षं त्या फळ्यांखाली झोपलो, पण वर काय आहे हे त्या दिवशी कळलं आणि झोप उडाली. नाव घातलेली लग्नातली भांडी, त्यातली काही आमच्या नावाची नव्हतीच. गिरणी बंद पडली त्या वर्षीची वडिलांची डब्याची पिशवी. दोन पंखे, दोन्ही बिघडलेले, पण एकाचे भाग दुसऱ्याला लागतील म्हणून ठेवलेले. एका हमालाने पत्र्याची ट्रंक उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"काय आहे आत?"

"कुलूप आहे," आत्या म्हणाली. "किल्ली हरवलीय. सांभाळून."

आत्या ऐंशीच्या पुढची. तिची एकच अट होती : पाटा-वरवंटा आल्याशिवाय ती हलणार नाही. मिक्सर आहे, वाटण कोणी करत नाही, पाटा वीस-बावीस किलोचा आहे, हे सगळं सांगून झालं. शेवटी पाटा केबिनच्या पाठीला लागून पहिला चढला. योगायोगाने तीच जागा बरोबर होती. फाळक्यापाशी उभे राहून भाऊ हातवारे करत होते : "जड ते पुढे! कपाट मागच्या चाकाच्या पुढे! फाळक्याला गाद्या!" जड सामान मागच्या आसाच्या पाठी गेलं की गाडीचं बूड बसतं, तोंड आभाळाकडे होतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. डॅलसमध्ये भाच्याला हेच एका जाडजूड पुस्तिकेत वाचावं लागलं.

पाण्याचं २०० लिटरचं पिंप भरलेलंच होतं. ते कोणी रिकामं करेना, कारण चाळीत भरलेलं पिंप ओतणं हे पाप आहे. इतक्यात भाच्याचा निरोप आला : त्याच्याही कॅम्परच्या टाक्या निघताना रिकाम्या ठेवायच्या, पाणी मुक्कामावर भरायचं. अमेरिकेचा दाखला मिळाल्यावर पिंप ओतलं गेलं. पण पॅसेजमधल्या चार घरांनी आधी आपापल्या बादल्या भरून घेतल्या. मग पिंपात चपला, छत्र्या आणि पाच किलो कांदे भरले.

कपाटाने जिन्याच्या वळणावर अर्धा तास घेतला. शंभर वर्षं जुना काँक्रीटचा जिना आणि लोखंडी कपाट यांच्यात कोणीच माघार घेणारं नव्हतं. अखेर कठड्याला चार बोटं ओरखडा पडला. "पाडणारच आहेत," म्हणत हमालाने त्यावरून हात फिरवला.

आम्ही निघालो. मंडळी दादरहून फास्ट लोकलने पुढे गेली. केबिनमध्ये ड्रायव्हर, मी आणि आत्या. आत्याच्या मांडीवर देव, पितळी डब्यात. देव हौद्यात जात नाहीत. हिंदमाता, किंग्ज सर्कल, सायन करत इस्टर्न एक्स्प्रेसला लागलो आणि पहिल्यांदा मोकळा रस्ता मिळाला तसा ड्रायव्हरने गाणी लावली. आत्याने ती बंद करून देवांना विचारलं, बरं आहे ना. मुलुंडहून ऐरोलीच्या पुलावर आलो, तर खाडीवरचा वारा ताडपत्रीच्या खाली शिरला. मागून फडफड अशी की कोणी तरी चाळीतल्या सगळ्या गोधड्या एकदम झटकत असावं. खांबापाशी उभं राहून सुतळी आवळताना मी भाच्याच्या कॅम्परचा हेवा केला. त्याच्या घराला ताडपत्री लागत नाही.

महापे ओलांडून शिळफाट्याला आलो आणि थांबलो. शिळफाट्याला थांबतात हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथे कोणी पोहोचत नाही, तिथे लोक असतात. शेजारी दुसरा टेम्पो उभा होता, त्यातही कपाट, त्यातही पिंप. नायगावच्या बीडीडीतून आलेलं कुटुंब, कल्याणला चाललेलं. त्यांच्या आजीने आणि आमच्या आत्याने खिडकीतून खिडकीत ओळख करून घेतली. गाव, कुळ, कोणती गिरणी, सगळं झालं. ट्रॅफिक हलली तेव्हा दोघी तिसऱ्या विषयावर होत्या आणि आम्हाला पुढे जायची बंदी होती.

तिथेच भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे सकाळ होती. त्याने शेवटी एक टनी, मागे जोडीची चार चाकं असलेला, ६.७ लिटर डिझेलचा ट्रक घेतला होता. पाठीवर दोन टनांच्या वर घेतो, हिशेब पक्का, वजनकाट्यावर नेऊन तपासलेला. फक्त त्याच्या सोसायटीच्या नियमात घरासमोर कॅम्पर उभा करायला मनाई निघाली. म्हणून कॅम्पर गावाबाहेर, दरमहा भाड्याच्या जागेत.

"भाडं कोण देतं, म्हाडा?" आत्याने विचारलं.

ड्रायव्हर मान वाकडी करून तो ट्रक बघत होता. सहा चाकं बघून त्याच्या चेहऱ्यावर आदर उमटला.

"खेपेला काय घेतो हा?"

"भाडं नाही घेत. स्वतःचंच घर नेतो. डोंगरात, तलावाकाठी. चार दिवस राहतो."

"मग?"

"मग परत येतो."

"घर तिथेच ठेवून?"

"घर घेऊन."

पुढची गाडी हलली. त्याने पहिला गिअर टाकला, पिंपातले कांदे मागे गडगडले.

"भरून जायचं, भरूनच यायचं आणि उतरवायचं काहीच नाही," तो म्हणाला. "साहेब, त्याला सांगा, डिझेल तरी निघतंय का बघ."