एका ओळीसाठी अख्खी फाइल रंगवणाऱ्या सहकाऱ्यास



तुमची पुल रिक्वेस्ट उघडली. सवलतीचा हिशेब एका ठिकाणी चुकत होता, तो दुरुस्त केला, असं वर्णनात लिहिलं आहे. दुरुस्ती एका ओळीची. डिफमध्ये मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळी फाइल लाल-हिरवी. एकेरी अवतरणचिन्हांची दुहेरी झाली, चार स्पेसच्या जागी दोन आल्या, लांब ओळी ऐंशी अक्षरांवर तुटल्या. या तिन्ही प्रिटियर या फॉरमॅटरच्या मूळ सवयी आहेत, म्हणजे त्या निवडण्याचे कष्टसुद्धा तुम्ही घेतलेले नाहीत.

‘एडिटरनं आपोआप केलं’ हे तुमचं उत्तर मला मान्य नाही. व्हीएस कोडमध्ये ‘फॉरमॅट ऑन सेव्ह’ मुळात बंद असतं. ते तुम्ही स्वतःच्या यूजर सेटिंग्जमध्ये चालू केलंत, आणि त्या दिवसापासून तुम्ही उघडून सेव्ह केलेली प्रत्येक फाइल तुमच्या आवडीची होत गेली. त्या फायली सगळ्या टीमच्या आहेत, हे तुम्हाला एकदाही आठवलं नाही.

रिव्ह्यू करताना मी स्पेसचे बदल लपवून डिफ पुन्हा पाहिला. फारसा फरक पडला नाही, कारण बदललेलं अवतरणचिन्ह म्हणजे स्पेस नव्हे. तोडलेल्या ओळींपुढे तर ही सोय चालतच नाही. त्या गर्दीत ‘मोठं किंवा समान’चं नुसतं ‘मोठं’ झालं होतं. ते कुणाच्या डोळ्यांना दिसावं, अशी व्यवस्थाच तुम्ही ठेवली नव्हती. चाचणीत सवलतीच्या सीमेवर नेमक्या रकमेची खरेदी करणाऱ्या ग्राहकाला सवलत मिळाली नाही, तेव्हा कुठे ते कळलं.

गिट ब्लेमची दशा तर पाहवत नाही. एखादी विचित्र अट दिसली की आपण ब्लेम लावतो, जुना कमिट उघडतो आणि ती का घातली ते वाचतो. टीम सोडून गेलेल्या माणसांशी बोलायची एवढीच वाट आपल्याकडे उरलेली असते. आता तुमच्या ब्रँचमधल्या त्या फाइलवर ब्लेम लावला की जवळपास प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येतं, तुम्ही वाचलीही नाहीत अशा ओळींवरसुद्धा. इतरांनी लिहून ठेवलेली कारणं तुमच्या नावाखाली गाडली गेली, याचा मला मनापासून राग आहे.

ओळीच्या शेवटच्या स्पेस काढून टाकायची सेटिंगही तुमच्याकडे चालू आहे. मार्कडाउनमध्ये ओळीअखेरच्या दोन स्पेस म्हणजे नवी ओळ. आपल्या माहितीपत्रकातला पत्ता सलग का झाला, त्याचं उत्तर तिथे आहे.

एडिटर सजवण्याला माझा विरोध नाही. दिवसाचे आठ तास ज्या खिडकीत काढायचे, ती आपल्या डोळ्यांना आणि बोटांना सोयीचीच असावी. थीम, फॉन्ट, विमच्या कळा, साइडबार डावीकडे की उजवीकडे, हे ज्यानं त्यानं ठरवावं. यावर तुम्ही भरपूर वेळ घालवलात आणि तो योग्यच घालवलात. पण इंडेंट, अवतरणचिन्ह, ओळीची लांबी आणि ओळ कशानं संपते या गोष्टी फाइलमध्ये लिहिल्या जातात आणि कमिटमधून सगळ्यांच्या मशीनवर उतरतात. त्या तुमच्या यूजर सेटिंग्जमध्ये ठरताच कामा नयेत.

त्यांची जागा रेपोच्या मुळाशी आहे. इंडेंट आणि ओळीचा शेवट एडिटरकॉन्फिगच्या फाइलमध्ये लिहायचा. इंटेलिजे ती स्वतःच वाचतं, व्हीएस कोडला एक एक्स्टेन्शन लागतं. प्रिटियर वापरायचं असेल तर त्याची कॉन्फिग फाइलही शेजारीच ठेवायची. प्रकल्पाच्या डॉट-व्हीएसकोड फोल्डरमधल्या सेटिंग्ज यूजर सेटिंग्जवर मात करतात, हे तर तुम्हाला ठाऊक असायला हवं होतं. जुन्या कोडला हात लावताना फॉरमॅटिंगचा मोड ‘मॉडिफिकेशन्स’ ठेवला, तर तुम्ही बदललेल्या ओळींपुरतंच ते चालतं. ही एक सेटिंग बरंच काही वाचवू शकली असती.

सगळी फाइल नीट करायचीच असेल तर टीमला विचारा, फक्त फॉरमॅटिंगचा एक वेगळा कमिट करा आणि त्याचा हॅश गिट-ब्लेम-इग्नोर-रेव्ज या फाइलमध्ये नोंदवा. असे कमिट ब्लेममधून वगळायची सोय गिटमध्ये 2.23 आवृत्तीपासून, म्हणजे 2019 पासून आहे. ती वापरायला तुम्हाला पुरेशी वर्षं मिळाली.

ही पुल रिक्वेस्ट मी परत पाठवत आहे. फाइल जुन्या रूपात आणा, एका ओळीची दुरुस्ती एका ओळीत करा आणि ‘किंवा समान’ परत घाला. त्याशिवाय माझी मंजुरी मिळणार नाही.

कळावे,
आपला एक रिव्ह्यूअर